थंडीविना बहार: साक्रीच्या मातीतील सफरचंदाचा विचार

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या पायथ्याशी पसरलेल्या साक्री तालुक्यात, पांझरा आणि कान नद्यांच्या खोऱ्यात, कांदा आणि डाळिंब ही पिके रुजली आहेत. सफरचंदाचा विचार तेथे करायचा तर उन्हाच्या कडाक्याइतकाच झाडाच्या झोपेचाही विचार करावा लागतो.

सफरचंदाचा रानटी पूर्वज मध्य आशियातील तिएन शान पर्वतराजीत आढळतो. भारतात कुलू खोऱ्यात कॅप्टन ली यांनी 1870 च्या सुमारास बाग लावली, तर सॅम्युएल स्टोक्स यांनी 1916 च्या सुमारास कोटगढ परिसरात आणलेल्या अमेरिकन 'डेलिशस' जातींनी हिमाचलाचे अर्थकारण बदलले. या जातींचे डोळे, म्हणजे फांदीवरील कळ्या, हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात आणि साधारण 7 अंश सेल्सिअसखालील 800 ते 1200 तासांची थंडी मिळाल्याशिवाय नीट फुटत नाहीत. धुळ्याचा पारा काही हिवाळ्यांत 5-6 अंशांपर्यंत उतरत असला, तरी ती थंडी पहाटेच्या काही तासांपुरती टिकते. परिणामी फुटवा उशिरा व विस्कळीत येतो आणि फुलोरा लांबतो.

यावर पहिला उपाय कमी थंडीच्या जातींचा. इस्राएलची 'अ‍ॅना', बहामा बेटांवरील 'डॉर्सेट गोल्डन' आणि हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातील हरिमन शर्मा यांनी शोधलेली 'एचआरएमएन-99' या त्यांतील प्रमुख होत. शर्मा यांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. 'अ‍ॅना'ला परपरागासाठी, म्हणजे दुसऱ्या जातीच्या परागाने फळधारणा व्हावी म्हणून, शेजारी 'डॉर्सेट गोल्डन' लावतात, आणि बीपासून मूळ जात तशीच उतरत नसल्याने कलमी रोपेच घ्यावी लागतात.

दुसरा उपाय मशागतीचा, आणि त्याची नाळ मराठी शेतकऱ्याच्या अनुभवाशी जुळते. साक्रीचा डाळिंब उत्पादक बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतो, इथेफॉन फवारून पानगळ घडवतो, छाटणी करतो आणि मग ठिबक सुरू करून फुटवा आणतो. मूळच्या समशीतोष्ण असलेल्या द्राक्षवेलीलाही नाशिककरांनी एप्रिल आणि ऑक्टोबरच्या छाटण्यांनी, तसेच काडीच्या डोळ्यांना लावलेल्या हायड्रोजन सायनामाइडने, येथील हवामानात फळाला आणले. इंडोनेशियातील पूर्व जावाच्या बाटू परिसरात तर काढणीनंतर सफरचंदाची पाने हाताने ओरबाडून, सुप्तावस्था गाढ होण्याआधीच डोळे फोडले जातात आणि वर्षाला दोन बहार घेतले जातात. मात्र बाटू डोंगराळ व सौम्य हवेचे आहे. साक्रीत हीच रीत जशीच्या तशी लागू पडेल असे मानता येत नाही.

कारण फेब्रुवारीत फुललेल्या झाडाचे फळ मे-जूनच्या तोंडावर पोसते, तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. फळाची साल होरपळते आणि थंड रात्रींअभावी लाली पुरती चढत नाही. त्यामुळे डाळिंबाची बाग मोडून सफरचंद लावणे हा सट्टा ठरेल. बांधालगत दोन जातींची मोजकी कलमे लावून फुलोऱ्याच्या तारखा, फळांचे वजन आणि लागलेले पाणी यांची सलग काही हंगाम नोंद ठेवणे हाच शहाणा मार्ग होय, कारण झाडाला फळ लागणे आणि बाग परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.