पथ्याच्या वहीत नसलेला पेला

दिवाळी अंक म्हटला की त्यात राशिभविष्य असावे, दोन-तीन हृद्य कथा असाव्यात, चकली खुसखुशीत कशी होईल याचे मार्गदर्शन असावे. तेथे हा मद्याचा विषय, आणि तोही मधुमेहाच्या संगतीने, कोठून उपटला असे काही वाचकांना, विशेषतः वाचकभगिनींना, वाटणे साहजिक आहे. त्यातून लेखक मराठीचा प्राध्यापक! त्याने फार तर 'एकच प्याला'वर लिहावे. पण या विषयाची गोम नेमकी तेथेच आहे. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या त्या नाटकापासून आम्हा मराठी मंडळींच्या मनात दारूच्या संदर्भात दोनच माणसे उभी राहतात. एक पहिल्या प्याल्यापासून सर्वनाशाकडे घसरत जाणारा सुधाकर, आणि दुसरा थेंबालाही न शिवणारा निर्व्यसनी गृहस्थ. या दोघांच्या मधे एक तिसरा माणूस असतो. तो सकाळी गोळी घेतो, टेकडी चढून येतो, नातवाला शाळेच्या बसपर्यंत पोचवतो आणि महिन्यातून एक-दोनदा मित्रांबरोबर दोन पेग घेतो. आमच्या वारज्यात तो जागोजाग राहतो. त्याला बसवायला मात्र आमच्याकडे खुर्ची नाही. म्हणून तो लपून पितो. पत्नीपासून लपवतो, मुलांपासून लपवतो आणि, सर्वांत वाईट म्हणजे, डॉक्टरांपासून लपवतो.

मी स्वतः मधुमेही आहे, आणि कधीमधी घेतो, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. मी मद्याची तरफदारी करायला बसलेलो नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्टच सांगितले की, प्रकृतीला पूर्ण निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. ज्याने आजवर घेतलेली नाही त्याने 'थोडी हृदयाला चांगली असते' असल्या ऐकीव गोष्टीवरून सुरुवात करू नये. परंतु २०२३ सालीच प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीने देशातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर मांडली. या दहा कोटींत घेणारे कोणीच नसतील असे समजणे म्हणजे वर्गात सगळ्यांनी धडा वाचला आहे असे समजण्यासारखे आहे.

मद्य आणि प्रकृती यांची सांगड आपल्याकडे कायद्यानेही मोठी मजेशीर घातलेली आहे. मुंबई राज्याचा दारूबंदीचा कायदा १९४९ चा. पुढच्या वर्षी पूर्ण दारूबंदी आली, आणि तेव्हा ज्याला घ्यायची असेल त्याला प्रकृतीच्या कारणास्तव परवाना काढावा लागे. तो कायदा पुष्कळ सैल झाला, पण परवाना गेला नाही. एक दिवसाचा, एक वर्षाचा आणि आजीव असे परवाने महाराष्ट्रात आजही आहेत. त्यामागची मूळ कल्पना हीच की, धारकाला आपल्या आरोग्याच्या जतनासाठी मद्य आवश्यक आहे! कागदोपत्री पाहिले तर मधुमेही माणूस घेतो ती औषध म्हणूनच. एके काळी ती खरोखरच औषध होती म्हणा. १९२१ साली टोरांटोला इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वी अमेरिकेतले डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन मधुमेह्यांना कडक उपवास घडवीत, आणि त्या उपवासात काळ्या कॉफीबरोबर थोडी व्हिस्की देत. तिच्यातून शरीराला इंधन मिळते आणि रक्तातली साखर चढत नाही, एवढाच त्यामागे विचार. 'व्हिस्कीत साखर नसते, ती चालते' हे जे वाक्य आज मित्रांच्या बैठकीत ऐकू येते, ते मुळात खोटे नाही. ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे आमच्या इमारतीतल्या एका प्रसंगाने मला कळले.

वारजे हे एके काळी मुठेकाठचे खेडे. आता कर्वेनगर ओलांडून आले की माळवाडीपर्यंत इमारतीच इमारती, आणि त्यांत पेठांतल्या जुन्या वाड्यांतून आलेली आमच्यासारखी अनेक कुटुंबे. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ राहतात. मी त्यांना काका म्हणतो. गेल्या वर्षी कोजागरीनंतरच्या शनिवारी पानशेतच्या बाजूला एका मित्राच्या शेतघरावर त्यांची जुनी मंडळी जमली होती. काकांनी संध्याकाळची गोळी वेळेवर घेतली होती. ते पथ्याला फार पक्के. दोन मोठे पेग घेतले आणि हिशेब जुळावा म्हणून भाकरी आणि भात दोन्ही सोडले. काकडी आणि मूठभर शेंगदाणे, एवढ्यावर उठले. मित्राने अकराला घरी आणून सोडले तेव्हा ते व्यवस्थित बोलत होते, दाराला कडी स्वतः लावली.

पहाटे चारला काकूंना जाग आली ती चादर ओली लागली म्हणून. काका घामाने निथळत होते, असंबद्ध बोलत होते, आणि हात लावू गेले तर काकूंना ढकलून देत होते. तोंडाला वास होताच. मुलगा उठला, त्याने पाहिले आणि म्हणाला, "आई, सकाळपर्यंत उतरेल. झोपू दे त्यांना." शंभरातली नव्व्याण्णव घरे येथेच थांबली असती. काकू थांबल्या नाहीत. त्या खाली येऊन आमचे दार ठोठावू लागल्या आणि दार उघडताच त्यांनी जो प्रश्न केला तो मी विसरणार नाही. "सर, रात्री आले तेव्हा नीट होते हो! झोपेत माणसाला दारू चढते का?"

नाही चढत. मी माझे साखर तपासण्याचे यंत्र घेऊन वर गेलो. बोटाला टोचून पाहिले तर आकडा आला ४१. सत्तरच्या खाली गेली की ती धोक्याची. काकांना गिळता येत होते, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात कालवून घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी ६८ झाली आणि काका विचारू लागले, "हे सगळे जमलेत कशाला?" तरीही त्यांना रुग्णालयात नेलेच, आणि तेथल्या डॉक्टरांनी संध्याकाळपर्यंत सोडले नाही. कारण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा अंमल पुष्कळ तास चालतो. एकदा वर आलेली साखर ती पुन्हा खाली ओढते.

झाले होते ते असे. आपण जेवतो त्यातली काही साखर यकृत आपल्या कोठारात घालते आणि रात्री, दोन जेवणांच्या मधे, थोडी थोडी रक्तात सोडते. कोठार रिकामे होऊ लागले तर ते इतर द्रव्यांपासून नवी साखर तयारही करते. पण मद्य आले की यकृत हातातले काम टाकून आधी त्याच्या मागे लागते, कारण मद्य शरीराला साठवून ठेवता येत नाही. तेवढा वेळ नवी साखर तयार होण्याचे काम जवळजवळ बंद पडते. भरल्या पोटी असलेल्या निरोगी माणसाला याचा पत्ताही लागत नाही. पण पोटात अन्न नाही, कोठारात शिल्लक नाही आणि वर साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन रक्तात आहे, अशा माणसाची साखर पिताना पडत नाही. ती मागाहून, झोपेत, कधी तर दुसऱ्या दिवशी सकाळी पडते. घाम, थरथर, अडखळती जीभ, चिडचिड, तोल जाणे ही साखर पडल्याची चिन्हे. दारू चढल्याची चिन्हे तरी याहून वेगळी काय आहेत? म्हणून वासावरून निदान होते आणि माणूस 'उतरेपर्यंत' झोपवला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा कमी आला म्हणून खूश होणारेही मी पाहिले आहेत. 'कारल्याच्या रसाने जे झाले नाही ते दोन पेगांनी झाले!' तो आकडा म्हणजे प्रकृती सुधारल्याची खूण नव्हे. यकृत दुसऱ्या कामात अडकले होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता मापाचे. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने ३० मिलिलिटरच्या लहान पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्य येते, आणि तेवढ्याचा निकाल लावायला यकृताला ढोबळ मानाने तास-दीड तास लागतो. काकांच्या दोन मोठ्या पेगांत ४० ग्रॅम होते. म्हणजे रात्री दहापासून यकृत पहाटेपर्यंत गुंतलेले. 'मी फक्त बिअर घेतो' म्हणणाऱ्यांनी जरा पेन्सिल हातात घ्यावी. ६५० मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बिअरची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम, अर्थात चार लहान पेग! शिवाय बिअरमध्ये पिष्टमय पदार्थ असतात ते वेगळेच; त्यामुळे साखर आधी चढते आणि मग उतरते. नाशिकच्या वाईनचा दीडशे मिलिलिटरचा पेला पंधरा ग्रॅमच्या आसपास जातो. रममध्ये गोड पेय मिसळणाऱ्याने तर व्हिस्कीत साखर नसल्याचा युक्तिवाद करूच नये. आणि घरात द्राक्षासवाची बाटली असेल तर तिच्यावरचा मजकूर वाचावा. त्यात आपोआप तयार झालेले मद्य असते आणि गोडीही. ती चमच्याने घेतात म्हणून एरवी कोणी तिला नावे ठेवत नाही.

परदेशी पुस्तकांतले 'पुरुषांना दोन, स्त्रियांना एक' हे माप जसेच्या तसे उचलू नये असे मला वाटते, आणि त्याचे कारण पुण्यातच सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि बालके यांचा अभ्यास केला. येथली बाळे वजनाने लहान पण चरबीने मात्र फारशी कमी नाहीत, असे त्यातून दिसले. २००४ साली त्यांनी आपले इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर 'लॅन्सेट'मध्ये दोघांचे शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र छापले. उंची-वजनाचे प्रमाण दोघांचेही २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! आता मद्य पसरते ते शरीरातल्या पाण्यात, आणि चरबीत पाणी फारसे नसते. तोच पेग आपल्या सडपातळ दिसणाऱ्या देहात अधिक दाट होऊन फिरतो, हा त्यावरून मी काढलेला निष्कर्ष. 'मी कुठे जाड आहे?' या प्रश्नाचे उत्तर त्या छायाचित्रात आहे. स्त्रियांच्या देहात पाणी आणखी कमी. ज्या भगिनी मधुमेही आहेत आणि घेतात त्यांना तर डॉक्टर बहुधा हा प्रश्न विचारतच नाहीत.

पुरुषांना विचारतात, पण कसा? दवाखान्यात बाहेर वीस माणसे ताटकळलेली, आत पत्नी शेजारी बसलेली, आणि डॉक्टर कागदावरून मान वर न करता विचारतात, "दारू वगैरे?" त्यावर मराठी गृहस्थाचे उत्तर ठरलेले: "छे, छे. कधीतरी." व्याकरण शिकवणारा माणूस म्हणून सांगतो, 'कधीतरी' इतके बेभरवशाचे क्रियाविशेषण आपल्या भाषेत दुसरे नाही. त्यात वर्षातून एकदाही बसते आणि दर शनिवारही बसतो. डॉक्टरांना हवे असते ते माप, वार आणि त्या वेळी पोटात काय होते ते. कारण त्यावर गोळी बदलते. मेटफॉर्मिन घेणाऱ्याने एकदम पुष्कळ प्यायली तर रक्तात आम्ल साचण्याचा, क्वचित पण जिवावरचा, धोका असतो. डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्यांतही उपाशीपोटीचे मद्य आम्लाचाच दुसरा प्रकार ओढवू शकते. यकृत किंवा स्वादुपिंड दुखावलेले, रक्तातले ट्रायग्लिसराइड फार वाढलेले, पायांच्या नसा बधिर झालेले, साखर पडून पूर्वी बेशुद्ध झालेले, आणि गर्भवती स्त्रिया, यांच्याबाबतीत मापाचा प्रश्नच येत नाही. त्यांनी घेऊ नये.

माझ्या डॉक्टरांनी माझी औषधे पाहून मला एका वेळी एक लहान पेग, फार झाले तर दोन, आणि तेही जेवणाबरोबर, अशी मर्यादा घातली. ती माझी आहे. वाचकांनी आपापली विचारून घ्यावी. माप डोळ्यांनी नव्हे, मापाच्या पेल्याने घ्यायचे. भाकरी सोडायची नाही. चकण्याचे शेंगदाणे म्हणजे जेवण नव्हे. निजण्यापूर्वी साखर पाहायची, शंभरच्या आसपास किंवा खाली असेल तर काही खाऊन निजायचे. गोळी किंवा इन्शुलिन आपल्या मनाने कमी-जास्त करायचे नाही. आणि किती घेतली ते घरातल्या कोणाला तरी सांगून निजायचे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात साखरपाणी मुळीच ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. कुशीवर वळवावे आणि १०८ ला दूरध्वनी करावा. साखर वर आणण्यासाठी ग्लुकागॉनचे इंजेक्शन असते, पण ते यकृताच्या कोठारातली साखर बाहेर काढून काम करते. कोठार रिकामे असेल तर त्याचाही भरवसा नाही.

रुग्णालयातून आल्यावर काकांनी मला एक काम सांगितले. पाकिटात ठेवायला चार ओळींची चिठ्ठी सुबोध मराठीत लिहून द्या, म्हणाले. मी लिहिली: 'मी मधुमेही आहे. मी साखर उतरवणारी गोळी घेतो. माझ्या तोंडाला दारूचा वास येत असला तरी आधी माझी साखर तपासा.' खाली घरचा दूरध्वनी क्रमांक. काकांनी ती दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "तो वासाचा मजकूर काढता आला तर बघा. पाकीट कोणाच्याही हाती पडते." मी ते वाक्य खोडून दुसरी प्रत केली. काकू पोहे घेऊन बाहेर आल्या, त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या वाचल्या, माझ्या खिशातले पेन मागून घेतले आणि दुसऱ्या चिठ्ठीवर तेच वाक्य आपल्या ठसठशीत अक्षरात पुन्हा लिहून ती काकांच्या पाकिटात, पैशांच्याही पुढच्या कप्प्यात, ठेवून दिली.