तातडीचा उपचार : उपकार नव्हे, हक्क

दुखणे वेळ पाहून येत नाही. बाळंतपणाच्या कळा रात्री दोनला सुरू होतात. पावसाळ्यात अंधारात पाय सापावर पडतो. बांधकामावर परात घेऊन चढलेला माणूस तोल जाऊन खाली येतो. अशा वेळी आपल्या घरांत रोगाच्या आधी पैशाचा प्रश्न उभा राहतो. हातात पैसा नाही म्हणून सकाळची वाट पाहिली जाते आणि सकाळी फार उशीर झालेला असतो. म्हणून सरकारी तातडीच्या सेवेची माहिती आम्ही येथे देत आहोत. बंधू-भगिनींनी ती वाचावी आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावी.

एका शेतमजुराची लढाई

१९९२ च्या जुलैमध्ये पश्चिम बंगालमधील एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला जबर मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती. तेथून त्याला कलकत्त्यास नेले. रात्रभर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवले. कोठे खाट नाही, कोठे यंत्र नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये मोजावे लागले. तो गप्प बसला नाही. पश्चिम बंग खेत मजूर समिती ही त्याची संघटना त्याच्याबरोबर सर्वोच्च न्यायालयात गेली.

१९९६ साली निकाल लागला. गरजू रुग्णाला सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने ठरवले. पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असेही बजावले. त्या मजुराला २५ हजारांची भरपाई मिळाली. अपघाती रुग्णावर आधी उपचार, पोलिसांचे सोपस्कार नंतर, हे तर १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यातच ठरले होते. बाबासाहेबांनी ज्या संविधानासाठी रक्त आटवले, त्याचा अर्थ दवाखान्याच्या दारातही लागू होतो.

१०८ ची गाडी

महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या. गाडीत डॉक्टर, ऑक्सिजन व औषधे असतात. फोनला व गाडीला पैसा लागत नाही.

फोन केल्यावर घाबरून नुसते ‘लवकर या’ म्हणू नका. गाव, तालुका, जवळचा नाका, शाळा किंवा विहार सांगा. काय झाले, रुग्ण शुद्धीवर आहे का, श्वास चालतो का, हे सांगा. मग फोन मोकळा ठेवा आणि एका पोराला बॅटरी घेऊन रस्त्यावर उभे करा. वस्तीच्या बोळात गाडी शिरत नसेल तर रुग्णाला खाटेवर रस्त्यापर्यंत आणायची तयारी ठेवा.

बाळंतपण

गरोदर बाईसाठी १०२ क्रमांक आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या व रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस व सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण मिळते. घरून नेणे आणि परत सोडणेही मोफत आहे. वर्षाच्या आतील आजारी बाळालाही हा लाभ आहे. आशाताईंकडे नाव नोंदवले असेल तर धावपळ वाचते.

साप आणि कुत्रा

नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांवर एकच इंजेक्शन चालते. ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. चावलेल्या जागी कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. बांगड्या, अंगठ्या काढा, हातपाय हलवू देऊ नका, आणि भगताकडे न जाता थेट दवाखाना गाठा. कुत्रा चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. लस त्याच दिवशी सुरू करा आणि पुढचे डोस चुकवू नका.

खर्चाचे काय?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सिव्हिल हॉस्पिटलपर्यंत, केसपेपर व उपचार मोफत केले आहेत. महापालिकेची व वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये या निर्णयात नाहीत, हे ध्यानात ठेवावे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०२४ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये झाली. रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशनकार्ड व ओळखपत्र दाखवावे. सावकाराच्या दारात जाण्यापूर्वी त्याला विचारावे.

नकार मिळाला तर

भांडण करू नका, पण परतही फिरू नका. ड्युटीवरील डॉक्टरचे नाव व वेळ लिहून घ्या. दुसरीकडे पाठवत असतील तर चिठ्ठी आणि गाडी मागा. नंतर वैद्यकीय अधीक्षक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांच्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद राहतो.

आज रात्री जेवणे उरकल्यावर एवढे करा. १०८ आणि १०२ हे आकडे दाराशेजारी ठळक लिहा. रेशनकार्ड, ओळखपत्र व जुने केसपेपर एका पिशवीत घालून खुंटीला लावा. शेजारच्या घरातही सांगा. संकटात शेजारीच आधी धावून येतो, आणि काय करायचे ते त्याला ठाऊक असेल तर एक जीव वाचतो.