गरम झालेली गाडी सुरू का होत नाही?

वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला भाजीचे क्रेट नेणारी एक जुनी पिकअप आमच्या परिचयाची आहे. गाडी १९८० च्या दशकातली, पेट्रोलची, कार्ब्युरेटर असलेली. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते आणि घाटही विनातक्रार चढते. पण वर पोचून माल उतरवण्यासाठी पंधरा-वीस मिनिटे इंजिन बंद केले, की कधीकधी ती पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने मात्र आपोआप सुरू होते. गॅरेजमध्ये नेली, तर अगदी ठणठणीत! मालकाने बॅटरी बदलली, पेट्रोल पंप बदलला. खोड काही गेली नाही. पुढच्या गावी उशिरा पोचलेल्या भाजीला भाव मिळत नाही. त्यामुळे प्रत्येक खोळंब्याचा फटका थेट खिशाला बसत होता.

असा अधूनमधून येणारा बिघाड शोधायचा कसा? हा प्रश्न जितका मेस्त्रीचा, तितकाच विज्ञानाच्या विद्यार्थ्याचाही आहे.

आधी एक साधी गोष्ट पाहू. इंजिन बंद केले की ते लगेच थंड होऊ लागते, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात पंखा थांबतो, पाणी फिरवणारा पंपही थांबतो. तापलेल्या धातूतील उष्णता आता आजूबाजूच्या भागांत पसरते. त्यामुळे कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी आणि कॉईल हे भाग बंद केल्यानंतरच्या काही मिनिटांत चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतात. पंधरा-वीस मिनिटांचा थांबा नेमका का नडतो, ते यावरून कळेल.

गाडी सुरू होण्यासाठी तीन गोष्टी लागतात : सेल्फने इंजिन पुरेशा वेगाने फिरवणे, पेट्रोल आणि हवेचे योग्य मिश्रण, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. उष्णता या तिन्हींत विघ्न आणू शकते.

पहिली गोष्ट सेल्फची. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. सेल्फमधील तारा २५ अंशांवरून १०० अंशांवर गेल्या, तर त्यांचा रोध सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो. त्यात बॅटरीचे टर्मिनल गंजलेले असेल तर आणखी भर पडते. सेल्फ १५० अँपिअर प्रवाह घेत असेल, तर ०.०१ ओहम एवढ्या रोधापायीही १२ व्होल्टपैकी दीड व्होल्ट वाया जातो. खूण अशी, की इंजिन गरम असताना सेल्फ जड फिरतो. धक्का मारला तर मात्र गाडी सुरू होते.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांपासूनच उकळू लागतात. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सातव्या हिश्श्याने कमी, म्हणून उत्कलनबिंदूही खाली येतो. पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल मिसळले, तरी त्याचा बाष्पदाब वाढतो. गंमत अशी, की या उकळण्याचे दोन अगदी उलटे परिणाम होऊ शकतात. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून आत सांडले, तर इंजिनात पेट्रोल जास्त होते. अशा वेळी वास येतो आणि प्लग ओला निघतो. पंपात किंवा नळीत वाफ अडकली, तर पेट्रोल पोचतच नाही आणि प्लग कोरडा राहतो. वरून दिसणारे लक्षण एकच, पण उपाय परस्परविरुद्ध!

तिसरी गोष्ट ठिणगीची. कॉईलमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. तापल्यावर तार प्रसरण पावून एखाद्या ठिकाणी जोड सुटतो किंवा जुने आवरण दाद देत नाही, आणि ठिणगी बंद पडते. थंड झाल्यावर सारे पूर्ववत होते. टेबलावर ठेवून मोजलेली थंड कॉईल निर्दोषच दिसणार.

आता आपल्या पिकअपकडे वळू. घाट, उंची, उष्णता पाहून सर्वांनी एकच निदान केले : नळीत वाफ अडकते. चालक पंपावर ओले फडके ठेवी, अर्धा तास थांबे आणि गाडी सुरू होई. निदान सिद्ध झाले, असे सर्वांना वाटले. पण फडके न ठेवता अर्धा तास थांबले असते तर? ते कोणी करून पाहिलेच नव्हते. एके दिवशी केले. गाडी तेवढ्याच वेळात सुरू झाली. म्हणजे गुण फडक्याचा नव्हता, वेळेचा होता.

पुढच्या वेळी बिघाड येताच, थांबून न राहता, तेथेच तपासणी केली. सेल्फ जोमाने फिरत होता. पेट्रोलचा वास नव्हता. एअर फिल्टर काढून अॅक्सिलरेटरची तार ओढली, तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची बारीक धार दिसली. फिल्टर परत बसवून सुटा प्लग तारेला जोडला, त्याचे अंग इंजिनाच्या धातूला पक्के टेकवले आणि सेल्फ मारला. ठिणगी नाही! चांगली कॉईल जोडताच गाडी लगेच सुरू झाली. खात्रीसाठी अजून गरमच असलेली जुनी कॉईल पुन्हा जोडली. गाडी पुन्हा रुसली. आता संशयाला जागा उरली नाही. (ही तपासणी जाणकारानेच करावी. पेट्रोलचा वास येत असेल, तर ठिणगी मुळीच पाडू नये.)

यातून वर्गात सांगण्याजोग्या दोन गोष्टी निघतात. बिघाड हजर असतानाच त्याची उलटतपासणी करावी, कारण वाट पाहण्यात पुरावाच नाहीसा होतो. आणि उपाय लागू पडला असे म्हणण्यापूर्वी, तो न करता काय होते, तेही पाहावे.

पहिली गोष्ट पटवण्यासाठी एक सोपा प्रयोग आहे. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब घ्या. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट या सूत्राने पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ७ ओहम येतो. आता विझलेल्या, थंड बल्बचा रोध मल्टीमीटरने मोजा. मीटरच्या तारांचा रोध वजा करायला विसरू नका. उत्तर साधारण दहाव्या हिश्श्याइतकेच येईल. कोणते उत्तर चूक, असे मुलांना विचारा. दोन्ही बरोबर आहेत. फक्त बल्बची अवस्था वेगळी होती. आपल्या पिकअपच्या कॉईलचेही तसेच झाले होते.