प्लॉट घेण्याआधी निळी रेषा पाहा

17 मे 2025 रोजी पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखलीत इंद्रायणीकाठचे 36 बंगले जमीनदोस्त केले. ते पाडण्याचा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला होता. बंगले नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते.

सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा. 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. म्हणजे निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी 4 टक्के. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात हीच शक्यता 55 टक्क्यांच्या पुढे जाते!

इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. घाटात धुवाधार पाऊस झाला की चिखलीत उघडीप असतानाही पाणी चढते. काठावर भराव टाकला तर पुराला पसरायला जागा उरत नाही आणि पाणी शेजारच्या वस्तीत घुसते. म्हणून निळ्या रेषेच्या आत घराला परवानगी नाही. दोन रेषांमधल्या पट्ट्यात ती मिळू शकते, पण जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवावे लागते.

सातबाऱ्यावर पूररेषा दिसत नाही, आणि खरेदीखत नोंदले गेले म्हणजे बांधकामाला मुभा मिळाली असेही नव्हे.

मोशी, चऱ्होली किंवा चाकणकडे प्लॉट पाहणाऱ्याने विसार देण्याआधी गट नंबर घेऊन नगररचना विभाग गाठावा, झोन दाखला मागावा आणि विकास आराखड्याच्या नकाशावर पूररेषा स्वतः तपासावी.