लाकडी नावेचा गुळगुळीत रंग

हळ्ळीखेडसारख्या गावी बसून नावेच्या रंगाविषयी लिहावे, याचे वाचकांस थोडे नवल वाटेल. आमच्या मुलखाला समुद्र नाही. कारंजा मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि ते पाणी पुढे बंगालच्या उपसागरात जाते, एवढेच काय ते आमचे समुद्राशी नाते. परंतु लहान नाव करण्यास समुद्र लागत नाही. हातभर लाकूड, एक पटाशी, चार-पाच जातींचा काचकागद आणि भरपूर सबुरी एवढे साहित्य पुरते. यांपैकी शेवटची वस्तू बाजारात मिळत नाही, आणि ती नसली म्हणजे काय होते हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या एका विद्यार्थ्याने आंब्याच्या लाकडाची नाव कोरली. मुलगा सुताराच्या घरचा; हात वळलेला. आकार असा डौलदार साधला होता की पाहणाऱ्याने उचलून घ्यावी. प्रदर्शनाला दोन दिवस उरले होते, म्हणून रंगाचे काम आम्ही अंगावर घेतले. सकाळी निळा तेलरंग दिला. सायंकाळी तो अजून चिकट लागत होता. तेव्हा लवकर वाळावा म्हणून मोटारींना फवारतात तो, थिनरमध्ये पातळ होणारा पांढरा रंग आम्ही त्यावर चढविला. थोड्याच वेळात दुधावरची साय आवळून यावी तशा त्याला सुरकुत्या पडल्या. मुलगा रागावला नाही. त्याने एवढेच विचारले, "सर, माझं कोरणं चुकलं का?"

त्याचे कोरणे चुकले नव्हते. चूक आमची होती, आणि ती कोणती हे समजून घेण्यास आम्हांला पुष्कळ दिवस लागले. तेच येथे सांगावयाचे आहे.

रंग दोष झाकतो, हा पहिला गैरसमज. रंगाचा एक हात केसापेक्षाही पातळ असतो. तो ओरखडा कसा बुजविणार? उलट चकाकणारा रंग आरशाप्रमाणे प्रकाश परतवितो, त्यामुळे कोऱ्या लाकडावर न दिसणारा खळगा रंगानंतर स्पष्ट दिसू लागतो. म्हणून गुळगुळीतपणा रंगाच्या डब्यात शोधू नये. तो लाकडावर आधी तयार करावा लागतो.

घासण्यास ८० नंबरच्या काचकागदापासून आरंभ करावा आणि १२०, १८०, २४० असे चढत जावे. नंबर जितका मोठा तितका दाणा बारीक. मधली पायरी गाळली तर जाड दाण्याचे ओरखडे बारीक कागदाने निघत नाहीत. कागद नुसत्या बोटांनी न धरता लाकडाच्या सपाट ठोकळ्यास गुंडाळावा, नाही तर बोटांच्या दाबाने मऊ जागी खोलगट पट्टे पडतात. घासणे नेहमी रेषांच्या दिशेने, आडवे कधीही नाही. मग ओल्या फडक्याने नाव पुसून वाळू द्यावी. पाण्याने लाकडाचे दबलेले तंतू उभे राहतात व हाताला खरखर लागते. ती २४० च्या कागदाने अलगद काढावी. हे आता केले नाही, तर पहिला रंगच ते तंतू उभे करतो.

यानंतर चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात द्यावा. नाळेला आणि मागच्या टोकाला लाकडाच्या नळ्यांची तोंडे उघडी असतात. तेथे लाकूड अधिक पिते, म्हणून दोन-तीन हात द्यावेत. पावसाळी हवेत लाख लावू नये, ती दुधाळ होते. राहिलेल्या खळग्यांत चॉकची भुकटी व जवसाचे तेल यांची लांबी भरावी. एकदम जाड थर भरला तर वरून कोरडा आणि आतून ओला राहतो, व पुढे खाली बसतो. पातळ भरावी, वाळू द्यावी, पुन्हा भरावी.

आता अस्तर. ते राखी रंगाचे असावे, कारण त्यावर सावली चांगली उमटते. अस्तर वाळल्यावर त्यावर काळ्या रंगाचा अगदी विरळ हात फिरवावा आणि तोही वाळला की ४०० नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून घासावे. उंचवट्यांवरील काळेपणा आधी जातो, खळग्यांतला राहतो. जेथे काळे राहिले तेथे लांबी कमी पडली असे समजावे. बिदरी कामाच्या कारागिरांस ही युक्ती परकी वाटणार नाही. जस्त व तांब्याचे ओतीव भांडे कानशीने व कागदाने घासून गुळगुळीत केल्यावर ते त्यावर मोरचूद चोळतात. पृष्ठभाग तात्पुरता काळा होतो, आणि कोरलेली रेघ त्यावर उजळ दिसते. कायमचा काळा रंग तर चांदीची तार बसवून झाल्यावर, नवसागर व बिदरच्या किल्ल्यातील माती यांच्या द्रावणाने अगदी शेवटी येतो. आधीचा काळा रंग शोभेसाठी नसून पाहण्यासाठी असतो, हे आपल्या जिल्ह्यातील शहाणपण नावेलाही लागू पडते.

रंग देण्याच्या दिवशी जमिनीवर पाणी शिंपडून धूळ बसवावी. रंग गाळून घ्यावा. भर उन्हात काम करू नये. रंग पसरण्याआधीच वाळतो आणि कुंचल्याच्या रेघा तशाच राहतात. कुंचला कोरड्या भागाकडून ओल्या भागाकडे आणावा व शेवटी नुसत्या टोकाने नावेच्या लांबीबरोबर हलका फिरवावा. हात पातळ द्यावा. जाड दिला की ओघळ येतो. दोन हातांमध्ये निदान एक दिवस जाऊ द्यावा, हवा थंड वा दमट असल्यास अधिक, आणि मध्ये ओल्या बारीक कागदाने हलके घासावे.

आमची चूक याच ठिकाणी झाली. तेलरंग वरून वाळलेला दिसला तरी आतून दिवसेंदिवस घट्ट होत असतो. थिनर जहाल असल्याने ते या कच्च्या थरात शिरून त्यास फुगविते. थर सरकतो आणि आवळतो. म्हणून खालपासून वरपर्यंत एकाच जातीचा रंग ठेवावा.

एक सावधगिरी अवश्य घ्यावी. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा आहे. त्यापूर्वीचे जुने डबे मुलांच्या हाती देऊ नयेत, व जुना रंग कोरडा खरवडू नये. घासताना नाकातोंडावर फडके असावे.

एवढा खटाटोप केवळ शोभेसाठी आहे काय? नाही. १८७० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील टॉर्की येथे विल्यम फ्रूड यांनी निरनिराळ्या पृष्ठभागांच्या फळ्या पाण्यातून ओढून विरोध मोजला, आणि खरखरीत फळीस अधिक जोर लागतो हे दाखवून दिले. मोठ्या जहाजाला हा फरक इंधनाच्या हिशेबात भोगावा लागतो.

त्या मुलाने पुढील वर्षी ती नाव पुन्हा हाती घेतली. यावेळी आम्ही फक्त कागद भिजवून देत होतो. काम तीन आठवडे चालले. प्रत्येक हात वाळल्यावर तो नाव खिडकीपाशी नेई, तिरप्या उजेडात धरी, मग डोळे मिटून तळहात फिरवी. डोळ्यांना न सापडलेला खळगा पुष्कळदा हाताला सापडे, आणि तो मुकाट्याने लांबीची वाटी पुढे ओढी. नाव हौदात सोडली तेव्हा तिच्या निळ्या अंगावर पाण्याच्या लाटा सरळ उमटल्या, कोठे वाकड्या झाल्या नाहीत. त्याचे कोरणे चुकले नव्हते, हे त्याला आम्ही वर्षापूर्वीच सांगितले होते. पटले मात्र त्या दिवशी.