तबकडीवरचा विधी आणि समीक्षेचा काटा

प्रतिनिधी, जळगाव

विधीत रात्रभर चालणारे संगीत चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या तबकडीवर आले, की त्याचे मोल कशावर ठरवायचे? श्रावणात कानबाईची गाणी ऐकणाऱ्या खान्देशाला हा प्रश्न परका नाही. लंडनच्या '२३ स्किडू' या बँडच्या 'द कलिंग इज कमिंग' (१९८३) या अल्बमच्या वाट्याला जे आले, ते त्यासाठी समजून घेण्यासारखे आहे.

'इंडस्ट्रियल' म्हणजे काय?

'थ्रॉबिंग ग्रिसल' या ब्रिटिश गटाने १९७६ मध्ये 'इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली. तिच्या नावावरूनच या संगीतप्रकाराला नाव मिळाले. यंत्रांचा खडखडाट, धातूवरचे आघात आणि ध्वनिफितींचे तुकडे ही त्याची सामग्री. पुढे काही कलावंत याच सामग्रीतून विधीसदृश, संथ पुनरावृत्तीचे संगीत रचू लागले.

'२३ स्किडू'चा 'सेव्हन साँग्ज' (१९८२) ब्रिटनमधील स्वतंत्र कंपन्यांच्या विक्रीयादीत अग्रस्थानी होता. त्यात पाय थिरकविणारा ठेका होता. पुढच्या अल्बमच्या पहिल्या बाजूवर मात्र जुलै १९८२ मधील पहिल्या 'वोमॅड' महोत्सवातील ध्वनिफिती व धातूचे आघात होते. दुसऱ्या बाजूवर डार्टिंग्टन महाविद्यालयात इंडोनेशियाच्या 'गामेलान' वाद्यसंचावर केलेले वादन. 'सेव्हन साँग्ज'च्या चाहत्यांचा साहजिकच विरस झाला. पुढे विधीसंगीत ही इंडस्ट्रियलची शाखा म्हणून रुजली, तेव्हा हाच अल्बम तिच्या आरंभीच्या नमुन्यांत गणला जाऊ लागला. तबकडी तीच होती. बदलला तो समीक्षेचा काटा.

दोन आक्षेप

तरीही दोन आक्षेप उरतात. पहिला सहभागाचा. विधीत तीच चाल तासन्‌तास चालते. पण कोणी कंटाळत नाही, कारण तेथे निव्वळ श्रोता कोणीच नसतो. घरी एकट्याने ऐकणाऱ्याला तीच पुनरावृत्ती रटाळ वाटू शकते. दुसरा आक्षेप उसनवारीचा. गामेलानचा संबंध इंडोनेशियातील मंदिरांशी, राजदरबारांशी आणि गावांशी आहे. तो संदर्भ वगळून केवळ नाद उचलला, तर हाती काय उरते? बँडने १९८४ च्या 'अर्बन गामेलान'मध्ये वायूच्या धातूच्या नळकांड्या वाजविल्या, म्हणजे आपल्याच शहरातील धातूला बोलते केले. या आक्षेपाला ते एक प्रामाणिक उत्तर म्हणता येईल.

आपल्याकडे काय?

धुळे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी पट्ट्यात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात भोपळ्यापासून बनविलेली पावरी वाजते. तिच्या चाली आता की-बोर्ड आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतींमधून लग्नाच्या वरातीत ऐकू येतात. त्यावरचे अभिप्राय दोन टोकांचे असतात: 'परंपरा बुडाली' किंवा 'लोक नाचतात ना, मग झाले!' दोन्हींत ऐकण्याचे कष्ट नाहीत. हे संगीत कोणाचे, कशासाठी होते, वाटेत काय गळाले आणि नवे काय आले, हे विचारल्याशिवाय समीक्षा पुरी होत नाही. दूरच्या लंडनमधील अल्बमला त्याचा न्याय मिळण्यास वेळ लागला. पावरी तर आपल्या दारातली आहे. ती कान देऊन ऐकण्यास आपण तेवढा वेळ लावू नये.