धुलाई यंत्र मध्येच का थांबते?



यंत्रात कपडे टाकले, पावडर घातली, बटन दाबले. पिंप थोडा वेळ फिरले आणि मध्येच गप्प झाले. लगेच घरात कोणीतरी म्हणते, "बिघडले वाटते!" पण थांबलेले यंत्र दर वेळी बिघडलेलेच असते असे नाही. पुष्कळदा ते वाट पाहत असते. कशाची? एका प्रश्नाच्या उत्तराची!

स्वयंचलित धुलाई यंत्र टप्प्याटप्प्याने काम करते. पाणी भरणे, कपडे घुसळणे, घाण पाणी सोडणे, खळबळणे आणि शेवटी गरगर फिरवून पिळणे. प्रत्येक टप्प्यावर यंत्रातील नियंत्रक तपासणी करतो. झाकण बंद आहे का? पाणी पुरेसे भरले का? भरलेले पाणी निघून गेले का? पिंप तोल सांभाळून फिरते आहे का? उत्तर 'होय' आले तर पुढचा टप्पा. नाहीतर मुक्काम तिथेच. म्हणून आपण विचारायचे ते हे, की कोणत्या प्रश्नाचे उत्तर अडले?

बीडसारख्या जिल्ह्यात हा शोध फार मोलाचा आहे. हा जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. दुष्काळी वर्षात इथे टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात. अडलेले यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, तर आधी भरलेले पाणी मोरीत जाते. कुठे अडले हे ओळखून फक्त 'खळबळणे व पिळणे' एवढाच टप्पा निवडला, तर ते पाणी वाचते.

पण आधी एक नियम पाठ करा. यंत्राला हात लावण्यापूर्वी बटन बंद करून प्लग काढायचा, हात कोरडे ठेवायचे आणि घरातील मोठ्या माणसाला सोबत घ्यायचे.

पाणी भरले का?

यंत्राला पाण्याची पातळी कशी समजते? काचेचा पेला पालथा धरून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबा. आतली हवा दाबली जाते आणि हाताला उलटा जोर जाणवतो. यंत्रातही हीच युक्ती आहे. पिंपाच्या तळाजवळून एक बारीक नळी वर जाते. पाणी चढले की नळीतील हवा दाबली जाते, वरच्या टोकाचा पातळ पडदा हलतो आणि नियंत्रकाला निरोप मिळतो.

ठरावीक वेळेत हा निरोप आला नाही, की यंत्र थांबते. तेव्हा प्रथम नळ आणि टाकी पाहा. टाकीत पाणी असूनही ते बारीक धारेने येत असेल, तर थोडे गणित करा. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम असतो. समजा, टाकीतील पाण्याची पातळी जमिनीपासून 4 मीटरवर आणि यंत्राची पाणी घेणारी तोटी 1 मीटरवर आहे. फरक 3 मीटरचा, म्हणून दाब 0.3. टाकी रिकामी होत आली आणि पातळी 1 मीटरने उतरली, की दाब 0.2 च उरतो. अनेक यंत्रांना किमान 0.3 तरी दाब लागतो. म्हणजे सकाळी नीट चाललेले यंत्र दुपारी अडले, तर दोष टाकीच्या उंचीचा असू शकतो.

दाब पुरेसा असेल, तर पाणी आत घेणाऱ्या तोटीतील जाळी पाहा. बीडच्या जमिनीखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. मुरणारे पाणी या खडकातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवत जाते, म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड असते. जाळीवर गाळ अडकतो आणि पांढरट थर बसतो. त्या थरावर लिंबाचा रस टाकून पाहा. बुडबुडे आले तर तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, आणि निघतो तो कार्बन डायऑक्साइड! मऊ ब्रशने जाळी साफ करता येते.

पाण्यावाचून यंत्र थांबणे ही काही केवळ घरातली गोष्ट नव्हे. परळीचे औष्णिक वीज केंद्र 2013 आणि 2015 साली पाणीटंचाईमुळे बंद ठेवावे लागले होते.

पाणी निघाले का?

पिंपात पाणी तुंबून राहिले असेल, तर सांडपाण्याची नळी कुठे दुमडली आहे का ते पाहा. पुढे दार असलेल्या यंत्रात बहुधा खाली एक गाळणी असते. तिच्यात शर्टाचे बटन, नाणे, दोऱ्यांचा गुंता सापडतो. गाळणी उघडताना खाली परात ठेवायला विसरू नका. पावडर जास्त झाली तरी फेसामुळे पंप अडखळतो.

तोल सांभाळला का?

यंत्र पिळण्याच्या वेळी धडधडून थांबत असेल, तर आत एकटी गोधडी आहे का ते बघा. ती पाणी पिऊन जड होते आणि एका बाजूला गोळा होते. फिरण्याचा वेग दुप्पट झाला, की बाहेर ओढणारा जोर चौपट होतो. म्हणून सावकाश घुसळताना न जाणवलेला असमतोल पिळताना यंत्राला हादरवतो. काही यंत्रे तोल सावरण्यासाठी आपोआप पुन्हा पाणी भरतात. तेही पाणी खर्चच! गोधडी हाताने सारखी पसरा किंवा जोडीला आणखी कपडे टाका.

विजेचे काय?

दिवे मंद झाले असतील, तर विजेचा दाब 230 व्होल्टच्या बराच खाली गेला असावा. अशा वेळी मोटर तापते आणि तिच्यातील रक्षक खटका प्रवाह तोडतो. मोटर निवली की खटका बहुधा आपोआप जुळतो. मात्र जळका वास, झटका, किंवा घरातील वीज पुन्हा पुन्हा जाणे, यांपैकी काही दिसले तर यंत्राला हात न लावता कारागिराला बोलवावे.

त्यालाही "बंद पडले" एवढेच सांगू नका. "पाणी भरताना थांबते" किंवा "पिळताना थांबते" असे सांगा. निम्मा शोध तुम्हीच लावलेला असेल. तेव्हा पुढच्या खेपेला यंत्र थांबले, की घड्याळात पाहून वहीत टिपा: किती मिनिटांनी थांबले, पिंपात पाणी होते का, आणि कपडे कोणते होते?